गाठोड्यात बांधलेले घर
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

परदेशी जाणाऱ्या माणसाची तयारी आपल्या बुलढाणा जिल्ह्यात कशी होते, हे मी वेगळे सांगायला नको. पंधरा दिवस आधीपासून पापड, कुरडया, शेंगदाण्याच्या चटणीचे डबे भरले जातात. बॅगेचे वजन जास्त होऊ नये म्हणून ती ओळखीच्या दुकानात नेऊन काट्यावर ठेवली जाते. पासपोर्ट, व्हिसा आणि तिकिटाच्या तीन-तीन झेरॉक्स निघतात. हजला जाणाऱ्यांच्या घरी एहरामची पांढरी कापडे धुऊन, घडी घालून तयार असतात आणि निरोप द्यायला येणाऱ्यांची रीघ लागते. एवढ्या तयारीत एका वस्तूकडे मात्र कुणाचेच लक्ष नसते. ती शेवटच्या क्षणी चार्जरवरून काढून खिशात टाकली जाते. ती वस्तू म्हणजे मोबाईल.

बॅगेत लोणच्याची बरणी ठेवावी की नाही यावर घरात तासभर खल होतो. मोबाईलमध्ये काय काय आहे आणि त्यातले काय सोबत न्यावे, यावर पाच मिनिटेही बोलणे होत नाही. आज बोलायचे आहे ते याच विषयावर.

आधी थोडे मागे जाऊ. देऊळगाव राजा आणि जालना यांच्यात आज एसटीचा छोटासा प्रवास आहे. पण १९४७ पर्यंत जालना निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते आणि देऊळगाव राजा इंग्रजांच्या ताब्यातल्या वऱ्हाडात. म्हणजे मध्ये सरहद्द होती. निजामाच्या राज्यात जकातीच्या खात्याला करोडगिरी म्हणत. सरहद्दीवर नाके असत. तिथला शिपाई गाठोडे सोडायला लावी, कापड मोजी, माल बघे, कर घेई आणि माणसाला पुढे जाऊ देई. गाठोड्यात माल आणि मनात मनातले, अशी सरळ वाटणी होती. फार तर एखादी चिठ्ठी सापडायची. घरातली भांडणे, बायकोचे आजारपण, मित्राने विश्वासाने सांगितलेली गोष्ट, सावकाराचे देणे, यांतले काहीच नाक्यावरच्या शिपायाच्या हाती लागत नसे. ते सारे माणसाच्या डोक्यात असे आणि डोके काही कुणाला सोडून बघता येत नाही.

जगभरच्या सरहद्दींवरचे कायदे मुळात या गाठोड्यासाठी झाले आहेत. देशात येणारा माल तपासण्याचा अधिकार प्रत्येक राज्याला असतो आणि तो असायलाही हवा. अडचण एवढीच, की आज त्या गाठोड्यात मोबाईल आहे आणि बऱ्याच ठिकाणचा कायदा अजून त्याला मालच समजतो. मोबाईल खरे तर आपले घर आहे. बैठकीची खोली त्यात आहे, देवघर किंवा नमाजाची जागा त्यात आहे, कपाट आहे, तिजोरी आहे आणि आतली खोलीही आहे. आपण हे अख्खे घर गाठोड्यात बांधून नाक्यावर नेऊन ठेवतो.

अमेरिकेचे उदाहरण घेऊ, कारण तिथले आकडे आणि नियम जाहीर आहेत आणि शेगाव, खामगाव, चिखली, मलकापूरकडची मुलेही आता तिकडे शिकायला जातात. २०१४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाचा निकाल दिला. एखाद्याला अटक झाली तरी त्याचा मोबाईल तपासण्यासाठी पोलिसांनी न्यायालयाचे वॉरंट आणले पाहिजे, असा तो निकाल होता. पण हा नियम देशाच्या आत चालतो. सरहद्दीवर जुनी परंपरा अशी, की तपासणीला वॉरंट लागत नाही. म्हणून विमानतळावरचा अधिकारी वॉरंटाशिवाय मोबाईल मागू शकतो. २०२४ च्या आर्थिक वर्षात तिथल्या सीमा विभागाने ४७,०४७ उपकरणे तपासली. त्या वर्षात ४२ कोटींहून अधिक प्रवाशांची ये-जा झाली होती. म्हणजे साधारण नऊ हजार माणसांमागे एक. घाबरून जाण्यासारखा हा आकडा नाही. पण पावसाळ्यात छत्री नेतो तेव्हा वीज आपल्याच अंगावर पडेल म्हणून नेत नाही आपण.

ही तपासणी दोन प्रकारची असते. पहिल्या प्रकारात अधिकारी मोबाईल हातात घेऊन बोटाने पुढे-मागे सरकवत बघतो. फोटो, संदेश, फोनची यादी. दुसऱ्या प्रकारात मोबाईल यंत्राला जोडून आतली माहिती उतरवून घेतली जाते. यासाठी संशयाला काही आधार आणि वरिष्ठांची संमती लागते, किंवा देशाच्या सुरक्षेचा प्रश्न असावा लागतो. जानेवारी २०१८ च्या तिथल्या नियमावलीत एक फार उपयोगी कलम आहे. अधिकाऱ्याने फक्त त्या उपकरणात असलेलीच माहिती बघायची. इंटरनेटवरून दूरच्या साठवणीत ठेवलेली माहिती ओढून बघायची नाही आणि त्यासाठी मोबाईलचे नेटवर्क आधी बंद करायचे. या कलमाचा अर्थ आपल्या भाषेत असा, की जे गाठोड्यात नाही ते नाक्यावर तपासता येत नाही.

इतर देशांचे थोडक्यात सांगतो. न्यूझीलंडमध्ये २०१८ च्या कायद्याने, मागितल्यावर पासवर्ड न देणाऱ्याला पाच हजार न्यूझीलंड डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. ब्रिटनमध्ये दहशतवादविरोधी कायद्याखाली विमानतळावर अडवलेल्या माणसाने पासवर्ड नाकारला तर तो गुन्हा ठरतो. २०१७ मध्ये लंडनच्या न्यायालयात एका मानवी हक्क कार्यकर्त्याला यावरून दोषी ठरवले गेले. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठामार्फत खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे सांगितले. त्या निकालाचा मला अभिमान आहे. पण तो निकाल विमानात आपल्या शेजारी बसून येत नाही. परक्या नाक्यावर परका कायदा चालतो आणि तिथे आपण नागरिक नसतो, पाहुणे असतो. अमेरिकेच्या नागरिकाने पासवर्ड नाकारला तर त्याचा मोबाईल अडकवून ठेवतील, पण त्याला घरी जाऊ द्यावेच लागते. आपल्यासारख्याला आल्या विमानाने परत पाठवता येते.

आणि नावाचाही प्रश्न असतो. माझ्यासारखे नाव असणाऱ्याने तो टाळून बोलणे बरे दिसणार नाही. ऑगस्ट २००९ मध्ये नेवार्कच्या विमानतळावर शाहरुख खान यांना चौकशीसाठी थांबवून ठेवले होते. माजी राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांची सप्टेंबर २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या विमानतळावर झडती झाली आणि नंतर अमेरिकेने दिलगिरी व्यक्त केली. ज्यांना सारे जग ओळखते त्यांची ही गोष्ट, तर बुलढाण्याच्या एखाद्या अहमदला किंवा शेखला दोन प्रश्न जास्त विचारले जाणार हे गृहीत धरावे. यात रागवण्यासारखे पुष्कळ आहे. पण तो राग घरी ठेवून जावा. रांगेत तो कामाला येत नाही.

मला कवी म्हणून वाटणारी भीती थोडी वेगळी आहे. मोबाईल बघणारा माणूस आपली भाषा जाणत नसतो. फार तर यंत्राकडून भाषांतर करून घेतो. आपण बोलताना काय काय बोलतो! "आज त्याचा जीवच घेतो", "कार्यक्रमात स्फोट घडवला यार", "सुतळी बॉम्ब आणून ठेव". कवितेत तर आग, रक्त आणि तलवार यांशिवाय पान उलटत नाही. ही थट्टा नाही. जानेवारी २०१२ मध्ये लॉस एंजेलिसच्या विमानतळावरून दोन ब्रिटिश पर्यटकांना परत पाठवले गेले. त्यांच्यातल्या एकाने ट्विटरवर, आपण अमेरिकेची वाट लावणार आहोत, अशा अर्थाचे लिहिले होते. तिकडच्या पोरांच्या बोलीत त्याचा अर्थ जाऊन मौज करणे, एवढाच होता. बोलणारा आणि वाचणारा दोघेही इंग्रजी जाणणारे, तरी ही गत. मग आपल्या वऱ्हाडीचे काय होईल!

त्यात आपण जे लिहिलेच नाही तेही आपल्या मोबाईलमध्ये असते. व्हॉट्सअॅपचे पन्नास गट. नात्यातला गट, शाळेच्या वर्गमित्रांचा, मोहल्ल्याचा, कापसाच्या भावाचा. त्यात कुणीतरी कुठल्यातरी लढाईचा व्हिडिओ टाकतो, कुणी पुढाऱ्याची विद्रूप चित्रे टाकतो, कुणी त्याहून वाईट काही टाकतो. आपण उघडून बघतही नाही. पण सोय अशी करून ठेवलेली असते, की आलेले चित्र आपोआप उतरून आपल्या फोटोंच्या संग्रहात जाऊन बसते. नाक्यावर ते आपलेच ठरते. आखाती देशांत अश्लील चित्रांबद्दलचे आणि धर्मासंबंधीचे कायदे फार कडक आहेत. "साहेब, हे मला कुणीतरी पाठवले" हे अरबीत समजावून सांगण्याची वेळ कुणावर येऊ नये.

आता तयारीचे बोलू. ही तयारी घरी, जाण्याच्या निदान पंधरा दिवस आधी करायची असते. विमानतळाच्या रांगेत उभे राहून घाईघाईने संदेश पुसणे सर्वांत वाईट. एक तर ते दिसते आणि दुसरे म्हणजे पुसलेले लगेच जात नाही. फोटो पुसला की तो आधी 'नुकतेच पुसलेले' अशा कप्प्यात जातो आणि महिना-दोन महिने तिथे पडून राहतो. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाशी संबंधित एका लेबनॉनी डॉक्टर महिलेला बॉस्टनच्या विमानतळावरून परत पाठवण्यात आले. तिच्या मोबाईलमधल्या पुसलेल्या फोटोंच्या कप्प्यात हिजबुल्लाच्या नेत्यांची छायाचित्रे मिळाली, असे सरकारी बाजूने न्यायालयात सांगितले गेले. त्या प्रकरणात कोण बरोबर, हा आपला विषय नाही. पुसणे आणि फेकणे यांत फरक आहे, एवढे आपण त्यातून घेऊ. कचरा घराच्या कोपऱ्यात लोटला म्हणजे तो उकिरड्यावर गेला असे नव्हे.

सगळ्यात आधी मोबाईलमधल्या साऱ्या माहितीची एक प्रत काढून घरी ठेवावी. संगणकावर, किंवा बाजारात मिळणाऱ्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर. घरातल्या तरुण पोराला सांगितले तर तो तासाभरात करून देतो. ही प्रत झाली की मोबाईल हलका करायला मन धजावते. मग विचार करावा, की या प्रवासात मला नेमके काय लागणार आहे? तिकीट, व्हिसा, राहण्याचा पत्ता, नातेवाइकांचे क्रमांक, नकाशा, औषधांची चिठ्ठी, थोडे घरचे फोटो. कुणाला कुराणाचे किंवा ज्ञानेश्वरीचे अॅप. बाकीचे घरी राहू द्यावे.

बाकीच्यांत काय काय येते ते बघा. बचत गटाच्या अध्यक्ष बाईंच्या मोबाईलमध्ये वीस बायकांची आधार कार्डे आणि पासबुकांचे फोटो असतात. शिक्षकाच्या मोबाईलमध्ये विद्यार्थ्यांच्या याद्या असतात. डॉक्टरांकडे रोग्यांचे अहवाल, वकिलाकडे अशिलांची कागदपत्रे, पत्रकाराकडे माहिती देणाऱ्यांची नावे. हे आपले नाही, लोकांनी आपल्याकडे ठेवायला दिलेले आहे. अमानत आहे. "माझ्याकडे लपवण्यासारखे काही नाही" असे म्हणणारा माणूस खरेच सज्जन असतो, पण त्याच्या मोबाईलमध्ये एकट्याचे काहीच नसते. शेजारणीचे आधार कार्ड जेद्दाला किंवा शिकागोला नेण्याची परवानगी तिने आपल्याला कधी दिली?

बायकांच्या फोटोंबद्दल थोडे स्पष्ट बोलतो. आमच्याकडच्या अनेक बाया बाहेर पडताना बुरखा घेतात. घरात, लग्नाच्या आदल्या रात्री, मेंदीच्या वेळी काढलेले फोटो बिनबुरख्याचे असतात आणि ते फक्त घरच्यांसाठी असतात. हजच्या सफरीत असा मोबाईल हरवला किंवा कुणा परक्या पुरुषाच्या हातात गेला, तर त्या बाईला काय वाटेल ते मी सांगायला नको. लाखोंच्या गर्दीत तपासणीपेक्षा मोबाईल हरवण्याची शक्यता कितीतरी जास्त. हीच गोष्ट कुठल्याही धर्माच्या लेकीबाळींच्या फोटोंची. ते घरच्या संगणकावर ठेवून, मोबाईलमधून काढून, तो पुसलेल्यांचा कप्पाही रिकामा करून निघावे.

मोबाईल अगदी कोरा करकरीतही नसावा. पन्नाशीच्या माणसाच्या हातात एकही फोटो, एकही संदेश नसलेला मोबाईल दिसला की कुणालाही शंका येईल. रोजच्या वापराचा, पण आवरलेला असावा. काही जण कपाटात पडलेला जुना मोबाईल नेतात. कल्पना चांगली. फक्त फार जुना असेल तर कंपनीकडून त्याला सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या मिळत नाहीत आणि मग चोरासाठी तो उघड्या दारासारखा होतो. एवढे पाहून घ्यावे.

व्हॉट्सअॅपमधली 'आपोआप उतरवा' ही सोय बंद करावी. नको ते गट सोडावेत. बँकेचे अॅप काढून टाकायचे असेल तर परदेशात गरज पडल्यास ते पुन्हा कसे सुरू होईल, हे आधी बँकेत विचारून घ्यावे. कारण ओटीपी येतो तो आपल्या इथल्या सिमवर. म्हणून इथले सिम काढून घरी ठेवू नये आणि परदेशात निदान संदेश येतील एवढी रोमिंगची सोय निघण्याआधी करून घ्यावी. ईमेलचे खातेही नव्या देशात गेल्यावर कधीकधी ओळख पटवून मागते. त्यासाठी आधीच काही आकडी कोड काढून ठेवता येतात. ते कागदावर लिहून पासपोर्टपासून वेगळ्या पाकिटात ठेवावेत.

कुलपाचे बघू. चार आकडी पासकोड फार कच्चा. निदान सहा आकडी असावा आणि तो जन्मसाल किंवा गाडीचा नंबर नसावा. आजच्या मोबाईलमध्ये आतली माहिती सांकेतिक रूपात साठवलेली असते. याला एन्क्रिप्शन म्हणतात. पासकोड म्हणजे त्याची किल्ली. मोबाईल पूर्ण बंद करून पुन्हा सुरू केला, की पहिल्यांदा पासकोड टाकेपर्यंत तो बोटाच्या ठशाने किंवा चेहऱ्याने उघडत नाही आणि आतली माहिती कुलपात राहते. नुसता पडदा काळा करून खिशात ठेवला तर तेवढे संरक्षण मिळत नाही. म्हणून इमिग्रेशनच्या रांगेत शिरण्याआधी मोबाईल पूर्ण बंद करण्याची सवय चांगली. झोपलेल्या किंवा चक्कर आलेल्या माणसाचे बोटही कुणी यंत्रावर टेकवू शकतो, डोक्यातला आकडा मात्र काढता येत नाही. लॅपटॉपचे तसे नाही. त्याला पासवर्ड असला तरी आतली डिस्क सांकेतिक केलेली असेलच असे नाही. ती नसेल, तर डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला लावली की सगळे वाचता येते. ती सोय सुरू करून घ्यावी. आणि पेन ड्राइव्ह! आम्हा कवी मंडळींच्या खिशात संमेलनाच्या, मुशायऱ्याच्या ध्वनिफितींचा एक तरी पेन ड्राइव्ह असतो आणि त्याला कुलूपच नसते.

एवढे करूनही अधिकाऱ्याने मोबाईल मागितलाच तर? खोटे बोलू नये, हा पहिला नियम. "माझ्याकडे दुसरा मोबाईल नाही", "मला पासवर्ड आठवत नाही" असले काही बोलून मग ते उघडे पडले, तर मूळ प्रश्न बाजूला राहतो आणि खोटे बोलणे हाच गुन्हा होतो. शांतपणे विचारावे, की ही विनंती आहे की हुकूम? हुकूम असेल तर काय करायचे ते प्रत्येकाने आपले काम, आपला व्हिसा आणि आपल्याकडची अमानत बघून घरीच ठरवून जावे. उघडून द्यायचा ठरवले तर पासवर्ड सांगण्यापेक्षा स्वतः टाकून द्यावा. मोबाईल ठेवून घेतला तर पावती मागावी. अमेरिकेत त्यासाठी ठरावीक छापील नमुना आहे आणि सर्वसाधारणपणे पाच दिवसांत उपकरण परत द्यावे असा नियम आहे, मात्र मुदत वाढवता येते. अधिकाऱ्याचे नाव किंवा बिल्ल्याचा क्रमांक, वेळ आणि जागा टिपून ठेवावी. मोबाईलच गेलेला असल्याने ही नोंद कागदावर करावी लागणार. म्हणून खिशात पेन आणि छोटी डायरी हवी. त्या डायरीत घरचा, तिथल्या नातेवाइकाचा आणि भारतीय वकिलातीचा फोन क्रमांक लिहिलेला हवा. आपल्या मुलाचा नंबर आज किती जणांना पाठ आहे?

विद्यार्थ्यांसाठी नाका आता विमानतळाच्या फार अलीकडे आला आहे. २०१९ पासून अमेरिकेच्या व्हिसाच्या अर्जात मागच्या पाच वर्षांतल्या समाजमाध्यमांवरच्या खात्यांची नावे द्यावी लागतात. जून २०२५ मध्ये विद्यार्थ्यांना ही खाती सर्वांसाठी खुली ठेवायला सांगण्यात आले आणि डिसेंबर २०२५ मध्ये नोकरीच्या एच-१बी व्हिसालाही तोच नियम लागू झाला. अर्जात एखादे खाते लपवले आणि ते सापडले तर व्हिसा हातचा जातो, म्हणून लपवू नये. पण खाते खुले केले की ते फक्त अधिकाऱ्यासाठी खुले होत नाही. साऱ्या जगासाठी होते, त्यात भामटेही आले. म्हणून खुले करण्याआधी त्यातला घरचा पत्ता, फोन क्रमांक, लहान भावंडांचे फोटो आणि आई-वडिलांची माहिती काढून घ्यावी. मुलीचा व्हिसा मंजूर होऊन तिचे फोटो भलत्याच्या हाती लागावेत, यात काय मिळवले?

शेवटी एका जुन्याच सवयीबद्दल. परदेशाची सरहद्द लागण्याआधी आपली माहिती गावातच सांडते. हज असो, उमरा असो की युरोपची सहल, एजंट म्हणतो, "पासपोर्टचा फोटो व्हॉट्सअॅपवर टाका." आपण पासपोर्ट, आधार, पॅन आणि रद्द केलेला धनादेश असे सारे एका दमात पाठवतो. कधी तर चाळीस प्रवाशांच्या गटातच टाकतो. कागद शक्यतो हातोहात द्यावेत. पाठवायचेच असतील तर एकट्या एजंटाला, आणि झेरॉक्सवर आडवे लिहावे, 'फक्त उमरा व्हिसासाठी', खाली तारीख. आधारचे पहिले आठ आकडे झाकलेली प्रत आधारच्या अधिकृत संकेतस्थळावर मिळते. जिथे पूर्ण क्रमांक लागत नाही तिथे तीच द्यावी.

परत आल्यावर, मोबाईल मध्ये कुठे आपल्या नजरेआड गेला असेल, तर दुसऱ्या उपकरणावरून सगळे पासवर्ड बदलावेत. व्हॉट्सअॅपच्या 'लिंक्ड डिव्हाइसेस'मध्ये एखादा अनोळखी संगणक जोडलेला नाही ना, ते बघावे. आणि एजंटाला फोन करून पासपोर्टचे फोटो पुसून टाकायला सांगावे. तो "हो, हो, आजच काढतो" म्हणेल. आठवड्याने पुन्हा विचारावे.